कीटोअ‍ॅसिडोसिस : आधी सलाईन, मग पोटॅशियम, त्यानंतर इन्सुलिन

दूधगंगाकाठ (धागा)

कीटोअ‍ॅसिडोसिसचा (मधुमेहात इन्सुलिन अपुरे पडून रक्त आम्लधर्मी होणाऱ्या आजाराचा) रुग्ण आयसीयूत पोहोचल्यानंतर त्याच्यावर कोणते उपचार करायचे, याविषयी डॉक्टरांमध्ये आता फारसे मतभेद उरलेले नाहीत. अडचण त्याआधीच्या तासांची आहे. आपल्या जिल्ह्यात असा रुग्ण पहिल्यांदा पोहोचतो तो गावातल्या दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात. आणि चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडी अशा भागांतून कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयापर्यंत किंवा एखाद्या मोठ्या खासगी रुग्णालयापर्यंत येण्यात जो वेळ जातो, त्यातच पुष्कळदा त्याचे काय होणार हे ठरून जाते. मी फिजिशियन आहे आणि असे रुग्ण नेहमी पाहतो, म्हणून त्या पहिल्या तासांपुरता हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे एकच आहे. या आजारात ग्लुकोमीटरवरचा आकडा सर्वांत आधी डोळ्यांत भरतो, पण जीव जातो तो त्या आकड्याने नव्हे, तर शरीरातील पाणी गेल्यामुळे, रक्त आम्लधर्मी झाल्यामुळे आणि पोटॅशियम बिघडल्यामुळे. म्हणून आधी सलाईन, मग पोटॅशियमची खातरजमा आणि त्यानंतर इन्सुलिन, असा क्रम आहे. साखर घाईने खाली आणण्याच्या नादात हा क्रम उलटला तर रुग्ण उपचारांनीच दगावू शकतो.

असे का, ते थोडक्यात सांगतो. इन्सुलिन पुरेसे नसले की पेशींना रक्तातली साखर वापरता येत नाही, शरीर साठवलेली चरबी मोडू लागते आणि यकृत त्या चरबीपासून कीटोन तयार करते. त्यांतले बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट ही दोन्ही आम्ले आहेत. रक्तातले आम्ल कमी करण्यासाठी रुग्ण खोल आणि जलद श्वास घेऊ लागतो. जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये वर्णन केलेला श्वास तो हाच. दुसरीकडे वाढलेली साखर लघवीवाटे जाताना पाणी, सोडियम आणि पोटॅशियम ओढून नेते. प्रौढ रुग्ण आपल्यासमोर येतो तेव्हा वजनाच्या दर किलोमागे सुमारे १०० मिली पाणी गेलेले असते, म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या अंगातून जवळपास ६ लिटर.

ओळखण्यात चूक होते ती लक्षणे दुसऱ्याच आजारासारखी दिसतात म्हणून. उलट्या आणि पोटदुखी यांवर पित्ताची गोळी दिली जाते, कधी अपेंडिक्सची शंका घेतली जाते. जोरात चाललेला श्वास दमा समजून नेब्युलायझर लावला जातो आणि सोबत स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते, ज्याने साखर आणखी वाढते. सर्वांत वाईट म्हणजे अशक्तपणासाठी साखर न तपासताच डीएनएसची, म्हणजे ग्लुकोज असलेल्या सलाईनची, बाटली लावली जाते. उलट्या, धाप किंवा गुंगी असलेल्या कोणत्याही रुग्णाला सलाईन लावण्याआधी बोटाला टोचून साखर पाहणे, एवढे जरी प्रत्येक दवाखान्यात झाले तरी पुष्कळ निदाने वेळेवर होतील.

निदानाचे निकष असे. साखर २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त किंवा रुग्णाला आधीपासून मधुमेह असणे. रक्तातील कीटोन ३ किंवा त्याहून अधिक, अथवा लघवीत दोन प्लस किंवा अधिक. आणि पीएच (जितका कमी तितके रक्त जास्त आम्लधर्मी) ७.३ पेक्षा कमी किंवा बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा रक्तातला क्षार) १८ पेक्षा कमी. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय एकमत-अहवालात साखरेची मर्यादा २५० वरून २०० वर आणली गेली, ती का, हे पुढे कोणी विचारले तर सविस्तर लिहीन.

आता उपचार. प्रौढांसाठी पहिल्या २ ते ४ तासांत ०.९ टक्के सलाईन दर तासाला ५०० ते १००० मिली या वेगाने द्यावे. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल तर कमी मात्रेत, वारंवार तपासून. नुसत्या सलाईननेही साखर उतरू लागते, कारण रक्त पातळ होते आणि लघवी सुरू होते. त्याच वेळी पोटॅशियमचा नमुना पाठवावा. ते ३.५ पेक्षा कमी असेल तर इन्सुलिन थांबवून ठेवावे आणि लघवी होत असल्याची खात्री करून पोटॅशियम तासाला १० ते २० मिलिइक्विव्हॅलंट या वेगाने भरून काढावे. ३.५ ते ५ च्या दरम्यान असेल तर प्रत्येक लिटर सलाईनमध्ये १० ते २० मिलिइक्विव्हॅलंट घालून इन्सुलिन सुरू करावे. ५ च्या वर असेल तर इन्सुलिन सुरू करावे, पोटॅशियम तूर्त देऊ नये आणि दोन तासांनी पुन्हा तपासावे. इन्सुलिन म्हणजे साधे रेग्युलर, शिरेतून, तासाला किलोमागे ०.१ युनिट, ५० किलोच्या रुग्णाला तासाला ५ युनिट.

पोटॅशियमचा आग्रह धरण्याचे कारण असे की रक्तातला आकडा नॉर्मल किंवा वाढलेला दिसत असला तरी शरीराचा एकूण साठा किलोमागे ३ ते ५ मिलिमोलने घटलेला असतो. पेशींतले पोटॅशियम रक्तात आलेले असते, म्हणून आकडा फसवतो. इन्सुलिन मिळताच ते झपाट्याने पेशींत परत शिरते, रक्तातली पातळी कोसळते आणि हृदयाचे ठोके बिघडतात.

ज्यांचे अनुभव किंवा शंका असतील त्यांनी अवश्य लिहावे.

---

ताम्रपर्णी

डॉक्टरसाहेब, मी चंदगड तालुक्यात जनरल प्रॅक्टिस करतो. आपण दिलेला क्रम पटतो, परंतु माझ्याकडे सिरिंज पंप नाही, एबीजी (धमनीतल्या रक्ताचा पीएच पाहण्याची तपासणी) नाही आणि पोटॅशियमचा रिपोर्ट मिळण्यास वेळ लागतो. कोल्हापूर शंभर किलोमीटरहून दूर असल्याने आमचे बरेच रुग्ण बेळगावला जातात. अशा वेळी रुग्ण गाडीत घालेपर्यंत मी नेमके काय करावे आणि काय करू नये?

---

दूधगंगाकाठ

आपण विचारलेला प्रश्न माझ्या मते या धाग्याचा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

साखर आणि लघवीतील कीटोन पाहून निदानाची दाट शंका आली की एक मोठी शीर धरून ०.९ टक्के सलाईनची बाटली वेगाने सुरू करावी आणि १०८ ला किंवा उपलब्ध गाडीला फोन करावा. जिथे रुग्ण लवकर पोहोचेल तिथे पाठवावे. बेळगाव जवळ असेल तर बेळगाव. पोटॅशियम कळलेले नसताना इन्सुलिन सुरू करण्याची घाई करू नये. पहिला तासभर केवळ सलाईन दिल्याने रुग्णाचे काही नुकसान होत नाही, याउलट पोटॅशियम आधीच कमी असलेल्या रुग्णाला दिलेले १० युनिट रस्त्यातच घातक ठरू शकतात. ईसीजी यंत्र असेल तर पट्टी काढावी. टोकदार, उंच टी लाटा दिसल्या तर पोटॅशियम वाढलेले असण्याची शक्यता आहे. चपट्या टी आणि त्यामागे यू लाटा दिसल्या तर कमी. ईसीजी हा रक्ततपासणीला पर्याय नाही, पण स्पष्ट यू लाटा दिसत असताना इन्सुलिन टोचणे टाळता आले तरी त्या पट्टीचे सार्थक झाले.

पोटॅशियम समजले आहे पण पंप नाही, अशी स्थिती ग्रामीण रुग्णालयात पुष्कळदा असते. तेव्हा ५०० मिली सलाईनमध्ये ५० युनिट रेग्युलर इन्सुलिन मिसळावे, म्हणजे प्रत्येक मिलीत ०.१ युनिट होते. मायक्रोड्रिप सेटचे ६० थेंब म्हणजे १ मिली, त्यामुळे मिनिटाला जितके थेंब तितके मिली तासाला जातात. ५० किलोच्या रुग्णाला तासाला ५ युनिट हवे असतील तर मिनिटाला ५० थेंब. ही बाटली साध्या सलाईनच्या बाटलीपासून वेगळी, दुसऱ्या मार्गाने चालवावी, नाहीतर एकीचा वेग वाढवताना दुसरीचाही वाढतो.

सौम्य किंवा मध्यम स्वरूपाच्या आजारात, म्हणजे रुग्ण शुद्धीवर आहे, रक्तदाब टिकून आहे आणि पीएच ७ च्या वर आहे अशा वेळी, जलद काम करणारे अ‍ॅनालॉग इन्सुलिन त्वचेखालीही देता येते. किलोमागे ०.१ युनिट दर तासाला किंवा ०.२ युनिट दर दोन तासांनी, असे त्याचे प्रमाण आहे. त्यासाठी पंप लागत नाही, मात्र दर तासाला साखर पाहणारी आणि तिची नोंद ठेवणारी व्यक्ती लागतेच. शॉकमध्ये असलेल्या रुग्णाला त्वचेखालचे इन्सुलिन नीट शोषले जात नाही, त्यामुळे तिथे ही पद्धत नको.

पाठवताना चिठ्ठीवर किती सलाईन गेले, ते किती वाजता सुरू केले, इन्सुलिन दिले असल्यास किती आणि किती वाजता, लघवी झाली का, ही माहिती लिहावी. कॅज्युअल्टीत बसलेल्या डॉक्टरला तिचा मोठा आधार असतो.

---

राजारामपुरी_लॅब

प्रयोगशाळेच्या बाजूने दोन-तीन गोष्टी जोडतो. लघवीची कीटोनची पट्टी अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट ओळखते, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट ओळखत नाही, आणि या आजारात जास्त प्रमाणात असते ते दुसरेच. उपचार सुरू झाल्यावर दुसऱ्याचे पहिल्यात रूपांतर होऊ लागते, त्यामुळे रुग्ण सुधारत असताना पट्टी मात्र अधिक गडद येऊ शकते. निदानासाठी पट्टी उपयोगी आहे, सुधारणा मोजण्यासाठी नाही. रुग्णाच्या नातेवाइकांना पट्टीचा रंग दाखवून घाबरवू नये, अशी विनंती.

पोटॅशियमच्या नमुन्याबद्दल. कोलमडलेल्या शिरेतून जोर लावून ओढलेल्या रक्तातल्या पेशी फुटतात आणि मग पोटॅशियम खोटे वाढलेले येते. नमुना लालसर दिसला आणि रिपोर्ट ६ आला, तर त्यावर विश्वास ठेवण्याआधी पुन्हा नमुना मागवावा. तसेच धमनीतले रक्त घेण्याचा अट्टहास दर वेळी नको. शिरेतल्या रक्ताचा पीएच साधारण ०.०३ इतकाच कमी येतो आणि निर्णयासाठी तो पुरेसा असतो. सोडियमही वाचताना दुरुस्त करून घ्यावे लागते, साखर १०० च्या वर दर १०० मिलिग्रॅममागे सुमारे १.६ मिळवून.

---

शाहूपुरी_३री_गल्ली

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे, म्हणून हा धागा अक्षरन् अक्षर वाचला. एक अनुभव लिहिते. रुग्णालयाचे नाव घेत नाही, कारण मला तक्रार करायची नाही, समजून घ्यायचे आहे. त्याला एकदा कीटोअ‍ॅसिडोसिस झाला होता. रात्री त्याची साखर १८० वर आली तेव्हा “आता साखर नॉर्मल झाली” असे सांगून इन्सुलिनची मशीन बंद केली गेली. पहाटेपर्यंत त्याला पुन्हा धाप लागली, उमासे सुरू झाले आणि सगळे उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागले. साखर तर उतरली होती, मग असे का झाले?

---

दूधगंगाकाठ

ताई, आपला प्रश्न अगदी नेमका आहे आणि आपल्या मुलाच्या बाबतीत जे घडले ते फार ठिकाणी घडते.

साखर उतरण्यास काही तास लागतात. आम्ल उतरण्यास त्याहून जास्त. इन्सुलिन चालू ठेवायचे ते कीटोन बनणे थांबवण्यासाठी, साखरेसाठी नव्हे. म्हणून साखर २५० च्या खाली आली की इन्सुलिन बंद करायचे नसते, तर सलाईनमध्ये ५ किंवा १० टक्के डेक्स्ट्रोज सुरू करायचे असते आणि इन्सुलिनचा वेग किलोमागे ०.०५ युनिटपर्यंत कमी करायचा असतो. एका हाताने साखर द्यायची आणि दुसऱ्या हाताने इन्सुलिन, हे नातेवाइकांना विसंगत वाटते, नव्या निवासी डॉक्टरांनाही वाटते, पण आम्ल संपेपर्यंत इन्सुलिन चालू ठेवण्याचा तोच मार्ग आहे. साखर १५० ते २०० च्या आसपास राखावी. आजार संपला असे केव्हा म्हणायचे, तर पीएच ७.३ किंवा त्याहून अधिक अथवा बायकार्बोनेट १८ किंवा अधिक आणि रक्तातील कीटोन ०.६ पेक्षा कमी झाल्यावर. कीटोन मोजण्याची सोय नसेल तर अ‍ॅनायन गॅप काढावी, म्हणजे सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेटची बेरीज वजा करावी. ती १२ च्या आत आली की कीटोन बहुतांशी संपले असे धरता येते.

दुसरी जागा म्हणजे मशीन काढण्याची वेळ. शिरेतल्या इन्सुलिनचा परिणाम काही मिनिटांत संपतो, आणि त्वचेखालचे दीर्घकालीन इन्सुलिन काम सुरू करण्यास तास-दोन तास घेते. म्हणून दीर्घकालीन इन्सुलिनचे इंजेक्शन आधी द्यावे आणि मशीन त्यानंतर एक ते दोन तासांनी बंद करावी. हे तास मोकळे सोडले तर आपल्या मुलाला झाले तसेच होते.

---

शाहूपुरी_३री_गल्ली

मनापासून आभार. आता घरचे एक विचारते. त्याला ताप किंवा उलट्या असतील आणि तो काही खात नसेल, तर सासूबाई म्हणतात की “पोटात अन्न नाही, इन्सुलिन देऊ नको”. मी त्यांना काय सांगावे?

---

दूधगंगाकाठ

सासूबाईंची काळजी खरी आहे, कारण न खाता इन्सुलिन घेतले की साखर उतरते हे त्यांनी पाहिलेले असणार. तरीही टाइप १ च्या मुलाचे दीर्घकालीन इन्सुलिन तो एक घासही खात नसला तरी बंद करायचे नसते. ताप आणि जंतुसंसर्ग असताना शरीराला उलट जास्त इन्सुलिन लागते. जेवणाआधीच्या जलद इन्सुलिनमध्ये साखरेप्रमाणे बदल करावा लागतो आणि तो किती, हे मुलाच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. दर २ ते ४ तासांनी साखर पाहावी, रात्रीसुद्धा. साखर जास्त असेल तर साधे पाणी, मिठाचे ताक, पातळ सूप देत राहावे. साखर २०० च्या खाली येऊ लागली तर ओआरएस, लिंबू-साखर-मिठाचे पाणी असे गोड द्रव द्यावे, म्हणजे इन्सुलिन चालू ठेवता येते.

लघवीच्या कीटोनच्या पट्ट्या घरात ठेवाव्यात. कीटोन मध्यम किंवा जास्त येत असतील, उलट्या थांबत नसतील, श्वास खोल आणि भराभर चालला असेल, तोंडाला नेलपॉलिशसारखा वास येत असेल किंवा मूल गुंगीत असेल, तर घरी उपाय करत बसू नये. ग्लुकोमीटर आकड्याऐवजी “हाय” दाखवत असेल तर साखर त्या यंत्राच्या मोजमापाबाहेर गेलेली आहे, यंत्र बिघडलेले नाही.

---

निवृत्त_परिचारिका

आयुष्य वॉर्डात गेले, म्हणून इन्सुलिन भरण्याविषयी लिहिते, कारण या कामावर कोणी बोलत नाही. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिटच्या असतात आणि १०० युनिटच्याही. सिरिंजही दोन प्रकारच्या, ४० साठी लाल टोपीची आणि १०० साठी नारिंगी टोपीची. पंपासाठी ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ५० युनिट भरायचे असतात. ४० च्या बाटलीतून ते १.२५ मिली होतात, १०० च्या बाटलीतून ०.५ मिली. ४० ची बाटली आणि नारिंगी टोपीची सिरिंज अशी जोडी झाली तर ५० च्या खुणेपर्यंत भरलेले इन्सुलिन प्रत्यक्षात २० युनिटच असते, आणि मग रात्रभर साखर उतरत नाही म्हणून डॉक्टर वेग वाढवत राहतात. उलट जोडी झाली, म्हणजे १०० ची बाटली आणि लाल टोपी, तर रुग्णाला अडीचपट इन्सुलिन जाते. भरताना दोघींनी मिळून बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचावा, असा आमच्या वॉर्डाचा नियम होता आणि तो मी नव्या मुलींकडून सक्तीने पाळून घेत असे.

इन्सुलिन नळीला चिकटते, म्हणून रुग्णाला जोडण्याआधी सुमारे २० मिली द्रावण नळीतून वाहू द्यावे. बाटलीत मिसळलेले असेल तर हे सोपे जाते. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची कुपी आपल्याकडे बहुधा २० मिलिइक्विव्हॅलंटची असते. ती थेट शिरेत कधीही, कोणत्याही घाईत, ढकलू नये. बाटलीत घातल्यावर बाटली चांगली उलटसुलट करावी, नाहीतर जड द्रावण तळाशी बसते आणि पहिल्या काही मिनिटांत सगळे रुग्णाच्या अंगात जाते.

---

कुंभी_कासारी

मी निवासी डॉक्टर आहे. पीएच ७.०५ असलेल्या रुग्णाला बायकार्बोनेट द्यावे, असा आमच्या वरिष्ठांचा आग्रह असतो. रक्त इतके आम्लधर्मी असताना ते न देणे मला स्वतःलाही अवघड वाटते. आपले मत काय?

---

दूधगंगाकाठ

माझे मत स्पष्ट आहे. ७ किंवा त्याहून अधिक पीएचला बायकार्बोनेट देऊ नये. आम्ल जमले आहे ते कीटोन बनत राहिल्यामुळे, आणि इन्सुलिनने ते बनणे थांबले की शरीर त्याच कीटोनपासून स्वतःचे बायकार्बोनेट तयार करते. बाहेरून दिलेल्या बायकार्बोनेटने पोटॅशियम आणखी उतरते आणि मुलांमध्ये मेंदूला सूज येण्याचा धोका वाढतो. पीएच ७ च्या खाली असेल तर आयसीयूत, सावकाश, पोटॅशियमवर लक्ष ठेवून देण्याचा विचार होऊ शकतो. वरिष्ठांचा अनुभव मोठा असतो आणि त्यांच्याशी आदरानेच बोलावे, परंतु २०२४ चा अहवाल सोबत ठेवून बोलावे.

---

बालरोग_गडहिंग्लज

मुलांबाबत वेगळे लिहिणे आवश्यक आहे, कारण प्रौढांचे वरचे आकडे मुलांना लावले तर नुकसान होते. मुलांमध्ये सर्वांत भीती असते ती मेंदूला सूज येण्याची. ती साधारण शंभरात एखाद्या मुलाला किंवा त्याहून कमी मुलांना येते, पण कीटोअ‍ॅसिडोसिसमुळे दगावणाऱ्या मुलांमध्ये तिचा वाटा सर्वांत मोठा असतो. पहिली मात्रा किलोमागे १० ते २० मिली सलाईन, अर्धा ते एक तासात. पाण्याची उरलेली तूट २४ ते ४८ तासांत, सावकाश. इन्सुलिन सलाईन सुरू झाल्यानंतर किमान एक तासाने, किलोमागे ०.०५ ते ०.१ युनिट, आणि सुरुवातीचा एकदम द्यायचा डोस मुलांना कधीही नाही. उपचार सुरू असताना मुलाचे डोके दुखू लागले, पुन्हा उलट्या झाल्या, नाडी मंदावली, रक्तदाब वाढला किंवा मूल चिडचिडे अथवा सुस्त झाले, तर स्कॅनची वाट पाहू नये. मॅनिटॉल किलोमागे ०.५ ते १ ग्रॅम किंवा ३ टक्के सलाईन लगेच द्यावे. ही औषधे खाटेजवळ आधीच काढून ठेवावीत.

आणखी एक. पुष्कळ मुलांमध्ये टाइप १ मधुमेह पहिल्यांदा कळतो तो कीटोअ‍ॅसिडोसिस झाल्यावरच. त्याआधीचे दिवस सांगून जातात: मूल सारखे पाणी मागते, अंथरूण ओले करणे बंद झालेले मूल पुन्हा ओले करू लागते, वजन उतरते, लघवीच्या जागी मुंग्या लागतात. शाळेतल्या बाई आणि अंगणवाडी सेविका यांना ही चार लक्षणे माहीत असावीत, अशी माझी फार इच्छा आहे.

---

रंकाळा_तालीम

माझ्या वडिलांना टाइप २ मधुमेह आहे आणि ते डापाग्लिफ्लोझिनची गोळी घेतात. नवरात्रात ते अंबाबाईचे नऊ दिवसांचे उपवास कडक करतात, फक्त पाणी आणि दूध. मागील खेपेस त्यांना मळमळ आणि धाप सुरू झाली. साखर फक्त १९० होती, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. नंतर रुग्णालयात कीटोअ‍ॅसिडोसिसच निघाला. साखर इतकी कमी असताना असे होऊ शकते का?

---

दूधगंगाकाठ

होऊ शकते, आणि निकषात २०० ची मर्यादा आणि “किंवा आधीपासून मधुमेह” ही सवलत येण्यामागे मुख्यतः हेच कारण आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. अंगात इन्सुलिन अपुरे पडत असले तरी रक्तातली साखर फारशी वाढत नाही, पण कीटोन मात्र बनत राहतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. आपल्याकडे डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये संपल्यावर ती स्वस्त झाली आणि आता खेडोपाडी लिहून दिली जाते. गोळी उत्तम आहे. हृदय आणि मूत्रपिंडाला तिचा मोठा फायदा होतो, त्यामुळे घाबरून कायमची बंद करण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. परंतु ज्यांना एकदा हा त्रास झाला आहे, त्यांनी ती पुन्हा सुरू करू नये, हे आपल्या वडिलांना लागू होते. इतरांनी कडक उपवास, उलट्या-जुलाब, मोठा ताप अशा दिवसांत डॉक्टरांना विचारून ती थांबवावी आणि ठरवलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान ३ दिवस आधी बंद करावी.

उपचारातला फरक एवढाच की अशा रुग्णाला इन्सुलिनसोबत डेक्स्ट्रोज अगदी सुरुवातीपासून द्यावे लागते. ही गोळी घेणाऱ्या माणसाला मळमळ आणि धाप असेल तर साखर काहीही असो, कीटोन तपासा, असे प्रत्येक कॅज्युअल्टीत भिंतीवर लिहून लावावे असे मला वाटते.

---

शिरोळ_पूरगाव

२०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्याकडे रस्ते बंद, वीज बंद, शिरोलीजवळ महामार्गही बंद होता. फ्रीजमधले इन्सुलिन खराब झाले असेल या भीतीने काही जणांनी ते घेणेच सोडले. अशा वेळी काय करावे?

---

निवृत्त_परिचारिका

वीज गेली म्हणून इन्सुलिन लगेच खराब होत नाही. ३० अंशांच्या आत, उन्हापासून दूर, साधारण ४ आठवडे ते चालते. पावसाळ्यात आपल्याकडे घरात, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात ठेवले तरी पुरते. बर्फाला थेट चिकटवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. साध्या इन्सुलिनमध्ये गढूळपणा किंवा गुठळ्या दिसल्या तर टाकून द्यावे. मात्र दुसरे मिळेपर्यंत शंका असलेले इन्सुलिन घेणे, अजिबात न घेण्यापेक्षा बरे, आणि साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा पाहावी. जूनच्या आधी महिनाभराचा साठा, पट्ट्या आणि सुया घरात असाव्यात.

---

ताम्रपर्णी

डॉक्टरसाहेब, वरील सर्व वाचून माझ्या दवाखान्यात लघवीच्या कीटोनच्या पट्ट्या, मायक्रोड्रिप सेट आणि ४० युनिटच्या बाटलीला जुळणाऱ्या लाल टोपीच्याच सिरिंज ठेवण्याचे ठरवले आहे. शेवटची शंका: गाडीत १०८ चे डॉक्टर सोबत असतील आणि पहिली बाटली संपली, तर दुसरी बाटली कोणती लावण्यास सांगावी?

---

दूधगंगाकाठ

पुन्हा ०.९ टक्के सलाईनच, किंवा रिंगर लॅक्टेट उपलब्ध असेल तर तेही चालेल. वेग रक्तदाब आणि छातीतले आवाज पाहून ठरवावा. रुग्ण वयस्कर असेल किंवा पायांवर सूज असेल तर अर्ध्या वेगाने. ग्लुकोमीटर गाडीत असतोच, दर तासाला साखर पाहण्यास सांगावे, आणि ती २५० च्या खाली आली तर त्या क्षणापासून डेक्स्ट्रोज असलेली बाटली. मी ज्या चिठ्ठीबद्दल वर लिहिले होते तिचा कोरा नमुना तयार करून उद्या इथेच टाकतो. तो छापून घेता येईल.